वाचायच्या पुस्तकांची वही



तुम्ही आता वाचायला शिकलात. एसटीवरची पाटी वाचता. रेशनचे कार्ड वाचता. सात-बाराच्या उताऱ्यावर आपले नाव बरोबर आहे की नाही, ते स्वतः पाहता. अंगठा गेला, सही आली. ही काही लहान गोष्ट नव्हे.

पण वाचायला येणे निराळे आणि वाचत राहणे निराळे. विहीर खणली, पाणी लागले. पण उपसाच केला नाही, तर झरे बुजतात. अक्षरांचेही तसेच आहे. शिकलेल्या माणसाने दोन-तीन वर्षे काहीच वाचले नाही, तर तो पुन्हा अडखळू लागतो. मग त्याला वाचायची लाज वाटते. लाज वाटली, की वाचणे आणखी कमी होते. असे करता करता हाती आलेली अक्षरे निघून जातात.

म्हणून एक पुस्तक संपले, की दुसरे हाताशी पाहिजे. त्यासाठी एक साधी युक्ती आहे. तिला एक वही लागते आणि एक पेन लागते. ती युक्ती आज पाहू.

बाजारच्या दिवशी

समजा, तुम्ही शेवगाव तालुक्यातले शेतकरी आहात. गावच्या शाळेतल्या बाई एकदा पारावर बोलता बोलता एका पुस्तकाचे नाव सांगतात. पुस्तक एका स्त्रीने लिहिलेले आहे. तुमच्या मनात येते, हे वाचलेच पाहिजे. नाव तुम्ही ध्यानात ठेवता.

पुढे आठ दिवस जातात. कांद्याची खुरपणी होते. पाहुणे येऊन जातात. मोटार जळते, ती दुरुस्त होते. मग बाजारच्या दिवशी तुम्ही वाचनालयाची पायरी चढता. तेथे असे बोलणे होते.

"या बाबा. काय पाहिजे?"

"पुस्तक पाहिजे, भाऊसाहेब."

"कोणतं?"

"ते... एका बाईनं लिहिलंय बघा. सोताच्या संसाराचं. लई हसवतं म्हणं, अन् रडवतंबी."

"नाव काय त्याचं?"

"नाव ध्यानात होतं हो. पार वेशीपर्यंत होतं."

ग्रंथपाल हसतात. तेही काय करणार? कपाटात हजारो पुस्तके आहेत. मागे चार पोरे परीक्षेची पुस्तके मागत उभी आहेत. "बरं, नाव आठवलं की या," असे ते म्हणतात. तुम्ही मोकळ्या हाताने घरी येता. दुसऱ्या बाजाराला वाचनालयाकडे पाय वळत नाही.

यात चूक कोणाची? बाईंनी नाव सांगितले होते. पुस्तक कपाटात होते. ग्रंथपालांची द्यायची तयारी होती. तुमची वाचायची इच्छा होती. सगळे होते. फक्त कागदाचा एक चिटोरा नव्हता.

पदराची गाठ

आपल्या आया-बहिणी काही आठवणीत ठेवायचे असले, की पदराला गाठ मारतात. यालाच आपण खूणगाठ म्हणतो. गाठ हाताला लागली, की आठवते, काही तरी आणायचे होते. पण काय आणायचे होते? मीठ, की सुई-दोरा, की सासूबाईंचे औषध? ते गाठ सांगत नाही. गाठ मुकी असते.

लिहिलेले अक्षर ही बोलकी गाठ आहे. ते नुसती आठवण देत नाही, कशाची आठवण तेही सांगते. आणि सहा महिन्यांनी पाहिले, तरी तेच सांगते.

आपल्याला हे नवीन नाही. लग्नात आहेर कोणी काय केला, त्याची यादी आपण जपून ठेवतो. वाणी उधारीची वही ठेवतो. डेअरीत दुधाचा हिशेब लिहिला जातो. पैशाचे लिहून ठेवतो, कारण विसरले तर नुकसान होते. मग पुस्तकाचे नाव विसरले, तर नुकसान होत नाही काय? होते. ते लवकर दिसत नाही, इतकेच.

पुस्तकाचा पत्ता

वहीत काय लिहावे? नुसते नाव लिहून भागत नाही. पत्रावर नुसते 'पांडुरंग' असे लिहिले, तर पोस्टमन ते कोणाला देणार? नाव, आडनाव, गाव, तालुका, जिल्हा असा पत्ता लागतो. पुस्तकालाही पत्ता असतो.

पुस्तकाचा पत्ता असा. पहिले, पुस्तकाचे नाव. दुसरे, लेखकाचे नाव. तिसरे, ते छापणाऱ्या प्रकाशकाचे नाव. चौथे, छापल्याचे साल. मुखपृष्ठ उघडले, की आतल्या पहिल्या दोन-तीन पानांवर हे सगळे सापडते. यांतली पहिली दोन नावे तरी लिहावीतच. सारख्या नावाची पुस्तके असतात. लेखकाचे नाव असले, की घोटाळा होत नाही.

कधी कधी यापेक्षाही एक शब्द जास्त लागतो. आपल्याच जिल्ह्यातले उदाहरण पाहा. नेवासे येथे प्रवरेच्या काठी ज्ञानेश्वर महाराजांनी ज्ञानेश्वरी सांगितली. ते साल १२९०. ज्या खांबाला टेकून त्यांनी ती सांगितली असे म्हणतात, तो पैस खांब आजही तेथे आहे. आता तुम्ही दुकानात जाऊन म्हणालात, "ज्ञानेश्वरी द्या," तर काय मिळेल? कदाचित नुसत्या ओव्यांची पोथी मिळेल. ओव्या गोड आहेत. पण भाषा सातशे वर्षांपूर्वीची आहे. नव्या वाचकाला ती एकट्याने उमगत नाही. तो पोथीला हात जोडून ती फळीवर ठेवून देतो. हेच जर तुम्ही वहीत 'सार्थ ज्ञानेश्वरी, मोठी अक्षरे' असे लिहून नेले, तर ओवीखाली आजच्या मराठीत अर्थ दिलेली प्रत मिळेल. 'सार्थ' म्हणजे अर्थासहित. एका शब्दाने केवढा फरक पडला!

पुस्तकांचे पत्ते लिहून ठेवण्यात काही माणसांनी आपले आयुष्य वेचले आहे. शंकर गणेश दाते हे त्यांपैकी एक. १८०० सालापासून १९३७ सालापर्यंत छापलेल्या मराठी पुस्तकांची त्यांनी सूची केली. नंतर १९५० सालापर्यंतच्या पुस्तकांची दुसरी सूची केली. सूची म्हणजे यादीच. अभ्यास करणारी माणसे आजही ती उघडून पाहतात. कितीतरी जुनी पुस्तके आता दुकानात मिळत नाहीत. पण ती होती, आणि ती कोणी लिहिली होती, हे त्या सूचीमुळे कळते. आपली वही पाच-पन्नास पुस्तकांची असेल. पण जात तीच.

वही कशी करावी

शाळेची चाळीस पानांची वही पुरे. पानावर उभ्या रेघा मारून पाच रकाने करा. पहिल्यात पुस्तकाचे नाव. दुसऱ्यात लेखक. तिसऱ्यात कोणी सांगितले. चौथ्यात कोठे मिळेल. पाचवा रकाना मोकळा ठेवा. पुस्तक वाचून झाले, की त्यात तारीख घाला.

एक पान असे दिसेल :

१. स्मृतिचित्रे – लक्ष्मीबाई टिळक – शाळेच्या बाईंनी सांगितले – तालुक्याच्या वाचनालयात.

२. श्यामची आई – साने गुरुजी – मुलीने सांगितले – तिच्या शाळेत.

३. सार्थ ज्ञानेश्वरी, मोठी अक्षरे – सप्ताहात ऐकले – देवळात विचारायचे.

४. बलुतं – दया पवार – भाच्याने सांगितले – भाच्याकडेच आहे.

५. कांदा-चाळ कशी बांधावी, नाव ठाऊक नाही – कृषी सहायक म्हणाले – त्यांनाच विचारायचे.

पाचव्या ओळीकडे नीट पाहा. पुस्तकाचे नाव ठाऊक नाही, म्हणून लिहायचे थांबू नका. विषय लिहा. विषय सांगितला, तर ग्रंथपाल पुस्तक शोधून देऊ शकतात.

'कोणी सांगितले' हा रकाना कशाला, असे कोणी म्हणेल. त्याचे दोन उपयोग आहेत. पुस्तक आवडले, तर त्याच माणसाला आणखी विचारता येते. आणि पुस्तक वाचून झाल्यावर बोलायला माणूस मिळतो. एकट्याने जेवण्यापेक्षा पंगतीत घास जास्त जातो.

लिहिताना ऱ्हस्व-दीर्घ चुकले, तरी चालेल. वही तुमची आहे, परीक्षेची नाही. ज्याच्याजवळ मोबाईल असेल, त्याने मुखपृष्ठाचा फोटो काढला तरी चालेल. पण घरी येऊन नाव वहीत उतरवा. फोटो शंभर फोटोंच्या खाली गडप होतो. शिवाय लिहिल्याने हाताला वळण राहते.

नावे मिळतात कोठून

कान उघडे ठेवले, की नावे आपोआप येतात. कीर्तनात येतात. रेडिओवर येतात. वर्तमानपत्रात येतात. मुलांच्या शाळेच्या पुस्तकात धड्याखाली मूळ पुस्तकाचे नाव असते. एका पुस्तकाच्या शेवटी त्याच प्रकाशकाच्या दुसऱ्या पुस्तकांची यादी छापलेली असते. ती वाचा आणि आवडलेली दोन नावे वहीत घ्या.

पण सगळ्यांत चांगले म्हणजे जाणते माणूस. मुंबईत चर्नी रोडच्या बागेत एक शाळकरी मुलगा रोज वाचत बसे. केळूसकर गुरुजींनी त्याला पाहिले, त्याची विचारपूस केली, त्याला वाचायला पुस्तके दिली. १९०७ साली तो मुलगा मॅट्रिक झाला. तेव्हा गुरुजींनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्याला भेट दिले. तो मुलगा म्हणजे आपले बाबासाहेब आंबेडकर. पुढे त्यांनी पुस्तकांसाठी म्हणून दादरला मोठे घर बांधले. त्यांनी बौद्ध धर्म स्वीकारला, तो १९५६ साली. एका पुस्तकाची भेट कोठवर पोचते, ते पाहा.

आपल्या जिल्ह्यातली नावे तर वहीत असावीतच. अकोले तालुक्यातल्या धामणगावचे दया पवार. त्यांचे 'बलुतं' १९७८ साली आले. गावकुसाबाहेरचे जिणे काय असते, ते त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितले आहे.

आणि बाजारच्या दिवशी तुम्हाला न आठवलेले ते पुस्तक? एका स्त्रीने लिहिलेले, हसवणारे आणि रडवणारे? ते 'स्मृतिचित्रे'. यादीत ते आता पहिलेच आहे. लक्ष्मीबाई टिळकांचे लग्न झाले, तेव्हा त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांचे पती नारायण वामन टिळक कवी होते. त्यांनी लक्ष्मीबाईंना अक्षरे शिकवली. या दोघांचा संसार बरीच वर्षे नगर शहरात झाला. पुढे म्हातारपणी लक्ष्मीबाईंनी आपली हकिकत लिहिली. पहिला भाग १९३४ साली निघाला. आज ते मराठीतले एक थोर पुस्तक मानले जाते. लग्नानंतर अक्षरे शिकलेली बाई असे लिहून गेली! नव्या वाचकाने हे पुस्तक चुकवावे काय?

पुस्तक मिळते कोठे

प्रत्येक पुस्तक विकत घ्यावे लागत नाही. नगरचे जिल्हा वाचनालय १८३८ साली सुरू झाले. म्हणजे आगगाडी येण्याच्या आधीपासून या जिल्ह्यात वाचनालय आहे. पुढे १९६७ साली महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. त्या कायद्याने मान्यता मिळालेल्या वाचनालयांना सरकार अनुदान देते. अ, ब, क, ड असे त्यांचे वर्ग असतात. ड वर्गाचे वाचनालय लहान असते, पण तेही सर्वांसाठी असते. तुमच्या गावात नसेल, तर शेजारच्या गावात किंवा तालुक्याला चौकशी करा.

वाचनालयात थोडी वर्गणी आणि अनामत भरून सभासद होता येते. मग पुस्तक घरी नेता येते. पुस्तके कपाटात वाटेल तशी लावलेली नसतात. प्रत्येकावर आकडा असतो. पूर्वी कार्डांचे कप्पे असत. लेखकाच्या नावाचे कार्ड काढले, की आकडा कळे. आता पुष्कळ ठिकाणी ते काम संगणकावर होते. पण कार्ड असो की संगणक, त्याला नाव सांगावे लागते. तुमच्या मनात काय आहे, ते त्याला कळत नाही. वही कळवते.

पुस्तक तेथे नसले तर? परत फिरू नका. बहुतेक वाचनालयांत सूचना लिहायची वही असते. तीत नाव आणि लेखक लिहा. चार जणांनी एकच पुस्तक मागितले, तर पुढच्या खरेदीत ते येण्याचा संभव असतो. मागितलेच नाही, तर ते कोणाला कळणार?

मागायला भिऊ नका. आपल्या देशात रंगनाथन नावाचे मोठे ग्रंथपाल होऊन गेले. त्यांनी १९३१ साली ग्रंथालयाचे पाच नियम सांगितले. त्यांतला एक असा, की प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळाले पाहिजे. प्रत्येक म्हणजे प्रत्येक. त्यात प्राध्यापक आला, तसा ऊस तोडणाराही आला. आणखी एक नियम असा, की प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे. म्हणजे तुम्ही पुस्तक शोधत असता, तसे कपाटातले एखादे पुस्तकही तुमची वाट पाहत असते.

यादी फार वाढली तर

यादी वाढते, हा अनुभव सर्वांना येतो. एक पुस्तक वाचून होते, तोवर तीन नवी नावे येतात. त्याने घाबरू नये. ही उधारी नव्हे. तिच्यावर व्याज चढत नाही.

तीन गोष्टी कराव्यात. पहिली : दर अमावस्येला किंवा महिन्याच्या एक तारखेला वही उघडावी. फक्त दोन नावांपुढे खूण करावी. एक गरजेचे, एक आवडीचे. गरजेचे म्हणजे कांदा, जनावरांचे आजार, कायदा, आरोग्य. आवडीचे म्हणजे गोष्ट, चरित्र, अभंग. त्या महिन्यात तेवढीच वाचावीत.

दुसरी : मन उडाले, तर नाव खुशाल खोडावे. घेतलेले पुस्तक पंचवीस पाने वाचूनही गोडी लागली नाही, तर परत करावे. त्यात कमीपणा नाही. आज अवघड गेलेले पुस्तक दोन वर्षांनी सोपे जाते. म्हणून खोडताना एकच रेघ मारावी. नाव वाचता आले पाहिजे.

तिसरी : वहीच्या शेवटच्या पानावर दिलेल्या-घेतलेल्या पुस्तकांची नोंद ठेवावी. कोणाचे आपल्याकडे आहे, आपले कोणाकडे गेले, परत कधी द्यायचे. पुस्तकावरून मैत्री तुटू नये. पाथर्डी, जामखेडकडची मंडळी दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. त्यांनी निघण्यापूर्वी वाचनालयाचे पुस्तक परत करावे. वही मात्र बरोबर न्यावी. कोपीवर कोणी नवे नाव सांगितले, तर तेथेच लिहिता येते. गावी परतल्यावर काय वाचायचे, ते ठरलेले असते.

वाचून झाल्यावर

वाचून झाले, की तारीख घाला. आणि त्याखाली एकच ओळ लिहा. काय कळले? काय आवडले? 'कांद्याला हवा खेळती पाहिजे' एवढी ओळ पुरे. 'लक्ष्मीबाईंचा तापट नवरा पाहून आपले बापू आठवले' हीही ओळ चांगली.

मोठमोठी माणसेही असे करत. जवाहरलाल नेहरू तुरुंगात वाचलेल्या पुस्तकांची यादी ठेवत. १९४२ साली इंग्रज सरकारने त्यांना पकडून नगरच्या भुईकोट किल्ल्यात ठेवले. वल्लभभाई पटेल, मौलाना आझाद, आचार्य नरेंद्र देव असे थोर लोक त्यांच्याबरोबर होते. किल्ल्याची दारे बंद होती. पण वाचन बंद नव्हते. १९४४ साली तेथेच नेहरूंनी पाच महिन्यांत 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' हे जाडजूड पुस्तक लिहिले. मौलाना आझादांनीही तेथे 'गुबार-ए-खातिर' नावाने छापलेली पत्रे लिहिली. वाचलेले टिपून ठेवले, की ते वेळेला हाताशी येते. आपल्याला ग्रंथ लिहायचा नसेल. पण ग्रामसभेत उभे राहून दोन शब्द बोलायचे असतील. पोराला एक गोष्ट सांगायची असेल. तेव्हा ती एक ओळ उपयोगी पडते.

वर्ष संपले, की वही चाळून पाहा. पाचव्या रकान्यात किती तारखा आल्या? चार आल्या, तरी चार पुस्तके झाली. गेल्या वर्षी एकही नव्हते. आणि ज्या ओळींपुढे तारीख नाही, त्या पुढच्या वर्षाचे बियाणे आहे. शेतकरी सगळे धान्य खात नाही. पुढच्या पेरणीसाठी थोडे राखून ठेवतो. वहीत न वाचलेले एक तरी नाव असेपर्यंत तुमचे वाचन थांबले, असे कोणी म्हणू शकणार नाही.

करून पाहा

१. आज एका वहीवर 'वाचायची पुस्तके' असे लिहा. खाली आपले नाव घाला.

२. घरातले कोणतेही एक पुस्तक उघडा. त्याचा पूर्ण पत्ता शोधून लिहा.

३. घरात, शेजारी किंवा शाळेत तिघांना विचारा, "तुम्हाला आवडलेलं एक पुस्तक सांगा." तिन्ही नावे वहीत लिहा.

४. पुढच्या बाजाराला जाताना वही पिशवीत टाका. वाचनालयात जा आणि पहिले नाव वाचून दाखवा.